इंग्रजी हिशेब स्पॅनिशमध्ये उतरवताना या चुका टाळा

कंपनीचं नफातोटा पत्रक समोर आहे. पहिल्या ओळीत रेव्हेन्यू 50 लाख युरो, शेवटच्या ओळीत नेट इन्कम 4 लाख. शब्दकोश सांगतो इन्कम म्हणजे ‘इंग्रेसोस’, म्हणून अनुवादक तळाशी ‘इंग्रेसोस नेतोस’ लिहून मोकळा होतो. माद्रिदमधला हिशेबनीस ते वाचून बुचकळ्यात पडतो, कारण इंग्रेसोस म्हणजे आवक, आणि आवक तर वरच्याच ओळीत 50 लाख दिसतेय. तळाला नफा हवा होता. स्पेनच्या पत्रकात तिथे ‘रेसुल्तादो देल एहेर्सिसिओ’ म्हणजे वर्षाचा निकाल असं छापतात, आणि हा शब्द सोयीचाही आहे: तोटा झाला तरी बदलावा लागत नाही. बोलताना किंवा बातमीत ‘बेनेफिसिओ नेतो’ चालतं.

मेक्सिकोत मात्र हाच नफा ‘उतिलिदाद नेता’ होतो. तिथल्या कायद्याप्रमाणे कंपनीला करपात्र नफ्याचा 10 टक्के वाटा कामगारांना द्यावा लागतो आणि तो मे महिन्याच्या अखेरपर्यंत हातात पडतो, त्यामुळे ‘उतिलिदादेस’ हा शब्द कारखान्यातल्या हेल्परलाही पाठ असतो. स्पेनमध्ये ‘उतिलिदाद’ म्हणजे आधी उपयुक्तता. वाचणाऱ्याला अर्थ कळेल, पण कागद आपल्यासाठी केलेला नाही हेही कळेल. म्हणून काम घेतानाच देश विचारून घ्या. ‘लॅटिन अमेरिका’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. इंग्रजी अहवाल लिहिणारा शब्दांची पुनरुक्ती नको म्हणून एकाच परिच्छेदात रेव्हेन्यू, सेल्स, टर्नओव्हर असे तीन शब्द वापरतो. प्रामाणिक अनुवादक तिन्हींसाठी तीन स्पॅनिश शब्द शोधत बसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तीन वेगवेगळ्या रकमा आहेत. अशा वेळी शब्द सोडा, आकडा बघा. तिन्ही ठिकाणी रक्कम एकच असेल तर स्पॅनिशमध्येही शब्द एकच ठेवा. स्पेनसाठी ‘सिफ्रा दे नेगोसिओस’ उत्तम. फक्त टर्नओव्हर कर्मचाऱ्यांचा, म्हणजे माणसं सोडून जाण्याचा नि नवी येण्याचा असेल तर तो ‘रोतासिओन’. हे वाचून कुणी हसेल, पण यंत्राने भरलेल्या मसुद्यात ही गफलत हमखास सापडते.

‘डायरेक्टर’चं प्रकरण जरा किचकट आहे. संचालक मंडळाला स्पेनमध्ये ‘कोन्सेहो दे आद्मिनिस्त्रासिओन’ म्हणतात आणि त्यातला सदस्य ‘कोन्सेहेरो’. तिथला ‘दिरेक्तोर’ हा पगारी अधिकारी, बहुतेकदा एखाद्या विभागाचा प्रमुख. चिलीत आणि अर्जेंटिनात मंडळाला ‘दिरेक्तोरिओ’ म्हणतात आणि सदस्य खरोखरच ‘दिरेक्तोर’ असतो. कोलंबियात मंडळ ‘हुन्ता दिरेक्तिवा’. माद्रिदला चूक ठरणारा शब्द चिलीतल्या सान्तियागोला बरोबर असतो. म्हणूनच भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या देशांची मिळून एकच मेमरी, म्हणजे जुन्या भाषांतरांचा साठा, ठेवू नका. देशागणिक वेगळी ठेवा, नाहीतर गेल्या महिन्यातलं चिलीचं काम या महिन्यातल्या स्पेनच्या करारात गुपचूप शिरतं.

करारात तर कायदाच आडवा येतो. शेअर म्हणजे ‘आक्सिओन’ हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्पेनमधली लहानमोठी असंख्य दुकानं, वर्कशॉपं ‘सोसिएदाद लिमितादा’ (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असतात आणि त्यांच्या भांडवलाचे हिस्से म्हणजे ‘पार्तिसिपासिओनेस’. 2010च्या कंपनी कायद्याच्या 92व्या कलमात त्यांना ‘आक्सिओनेस’ म्हणता येणार नाही असं स्पष्टच लिहिलंय. तेव्हा कंपनीच्या नावापुढे ‘एस. ए.’ (आक्सिओनेसवाली ‘सोसिएदाद आनोनिमा’) आहे की ‘एस. एल.’ (‘सोसिएदाद लिमितादा’) ते पाहिल्याशिवाय शेअरला हात लावू नका.

बाकीचं थोडक्यात. व्हेंडर म्हणजे बहुधा ‘प्रोवेएदोर’, पुरवठादार. ‘वेन्देदोर’ लिहिलंत तर तो विक्रेता किंवा सेल्समन होईल. मालासोबत जाणारं चलन स्पेनमध्ये ‘आल्बारान’, अर्जेंटिनात ‘रेमितो’. त्याला ‘फाक्तुरा’ म्हणू नका, ते बिल. कॉस्ट स्पेनमध्ये ‘कोस्ते’, लॅटिन अमेरिकेत ‘कोस्तो’, पण ऑफिसभाड्यासारखा खर्च दोन्हीकडे ‘गास्तो’. आणि बिलियन! इंग्रजी बिलियन म्हणजे 100 कोटी, स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे 1 लाख कोटी. ‘मिल मियोनेस’ लिहा.

शंका आली की शब्दकोशाऐवजी खरे अहवाल उघडावेत. स्पेनच्या शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या, उदाहरणार्थ इंदितेक्स किंवा तेलेफोनिका, वार्षिक अहवाल दोन्ही भाषांत संकेतस्थळावर ठेवतात. तोच तक्ता दोन खिडक्यांत शेजारी-शेजारी लावला की ओळीला ओळ जुळते. त्यातलं इंग्रजी कधी कधी अवघडलेलं वाटेल, कारण मूळ मजकूर बऱ्याचदा स्पॅनिश असतो. आपल्याला हवा तो स्पॅनिश रकाना, आणि तो तिथल्या हिशेबनिसांनी लिहिलेला असतो.