कविता दाखवताय की दुसऱ्याची सोलताय? जरा दमाने

आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप रविवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला जमतो, कविता वाचायच्या आणि एकमेकांच्या झोडायच्या. तिथे मी जे काही शिकलो ते माती खाऊनच.

एकदा कळव्याच्या काकूंनी वाचलं, "नळ येतो पहाटेला / हंडा माझ्याआधी जागा". मी तेव्हा नुकताच मात्रा शिकलेलो, लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, त्याची 1, गुरू म्हणजे लांब उच्चाराचं, त्याच्या 2, अंगात नुसता जोश, लगेच बोटांवर मोजून सांगितलं की काकू पहिल्या ओळीत 13 आणि दुसरीत 16, वृत्त पार गंडलंय. काकू म्हणाल्या, "अरे, अक्षरं मोज." मोजली. 8 आणि 8. अष्टाक्षरी होती ती, तिथे मात्रा मोजतच नाहीत. म्हणजे मी कबड्डीत एलबीडब्ल्यूचं अपील करत होतो!

तर तोंड उघडायच्या आधी विचारा, हे कशात लिहिलंय. गझल असेल तर वृत्त आणि काफिया (म्हणजे यमक) बघा, रदीफ (काफियानंतर तसाच परत येणारा शब्द) नसली तरी चालतं, अशी बिनरदीफची, म्हणजे गैरमुरद्दफ गझल असतेच. मुक्तछंद असेल तर प्लीज यमक कुठाय विचारू नका (विचारणारे अजून आहेत, शपथ). आणि मात्रा मोजायच्याच तर मोठ्याने म्हणून मोजा, 'सत्य'मधला स जोडाक्षराच्या धक्क्याने गुरू होतो, 'तुझ्या'मधल्या तु ला धक्काच बसत नाही, तो लघुच राहतो, हे डोळ्यांना नाही कळत, कानाला कळतं.

मग आधी आपल्याला काय समजलं ते सांगा, खटकलं ते नंतर, तेही ओळीवर बोट ठेवून. नुसतं 'छान' म्हणून कुणाचं भलं होत नाही. आणि कवितेतली 'मी' म्हणजे समोर बसलेली बाई असं धरून चालू नका. वाशीच्या एका मैत्रिणीने विधवेच्या तोंडची कविता वाचली, नवीन आलेले एक आजोबा डोळे पुसत तिला धीर द्यायला लागले, आणि तिचा नवरा बाजूलाच भेळ खात बसलेला.

स्वतःची वाचताना "असंच काहीतरी खरडलंय" ने सुरुवात नको, त्यात नम्रपणा कमी आणि मार चुकवायची सोय जास्त. सरळ सांगा, तिसरं कडवं लंगडतंय का बघा. कुणी भलताच अर्थ काढला तर "तसं नाहीये हो" म्हणून समजावत बसू नका, गप लिहून घ्या. एकच जण अडखळला तर सोडून द्या, पण तिघं एकाच ओळीवर अडखळले तर ती ओळच बघायला हवी.

त्या रविवारी निघताना काकूंनी माझी गझल वाचायला मागितली, परत दिली, बोलल्या काहीच नाहीत. घरी येऊन कागद उघडला तर चौथ्या शेरातल्या काफियाखाली पेन्सिलीचं एक बारीक टिंब.