ऊन असतानाच भांडून घ्या: गरीब देशानं आपत्तीची सिस्टिम कशी उभी करायची

आपत्ती व्यवस्थापन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, तर हेलिकॉप्टर, रबरी बोटी आणि नारिंगी जॅकेट घातलेले जवान. ते सगळं लागतंच, नाही कोण म्हणतंय, पण हातात पैसा कमी असलेल्या देशानं सुरुवातच तिथून केली तर चार बोटी येतात, उद्घाटन होतं, दोन वर्षांत इंजिनं गंजतात आणि पूर आला की लोक पुन्हा झाडावर चढून बसलेले असतात. सुरुवात करायची ती भांडणांपासून. गाव रिकामं करा असं म्हणायचा अधिकार कुणाला, लोकांना न्यायचं कुठं, ट्रक कुणाचे, डिझेलचे पैसे कुठल्या खात्यातून आणि वादळ आलंच नाही तर शिव्या कोण खाणार. ही पाच भांडणं ऊन असताना मिटवली नाहीत तर ती पाणी घरात शिरल्यावर होतात.

कायदा करावा लागतो, तो करून टाका. बहुतेक देश तो मोठा दणका बसल्यावरच करतात. भारतानं १९९९चं ओडिशाचं सुपर सायक्लोन पाहिलं, २००१चा भुजचा भूकंप पाहिला, २००४ची त्सुनामी पाहिली आणि मग २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. नेपाळमध्ये २०१५चा भूकंप झाला आणि नवा कायदा २०१७ला. तुम्हाला दणक्याची वाट बघायची गरज नाही, दुसऱ्यांचे मसुदे आयते आहेत. फक्त वाचताना तीन गोष्टी शोधा: जिल्ह्यातला प्रमुख राजधानीला न विचारता हुकूम देऊ शकतो का, तो खासगी गाड्या आणि इमारती ताब्यात घेऊ शकतो का, आणि टेंडर न काढता तातडीची खरेदी करू शकतो का. भारताच्या कायद्यात या तिन्हीची सोय आहे, जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर आणि त्याच्या जोडीला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. बाकी शंभर पानं उद्दिष्टांची असतील तर असू द्या.

आणखी एक, हे ऑफिस कुठल्या तरी मंत्रालयाच्या कोपऱ्यात टाकू नका. पाटबंधारे, आरोग्य, वीज, पोलीस सगळ्यांना एका दिवसात हलवायचं असतं आणि एका खात्याचा सचिव दुसऱ्या खात्याच्या सचिवाचं ऐकत नाही, हे जगात कुठंही जा, सारखंच. म्हणून ते थेट सरकारच्या प्रमुखाखाली हवं.

आता खरा विषय, इशारा. इथं सगळ्यात जास्त माणसं वाचतात आणि इथंच सगळ्यात कमी पैसा लागतो, तरी यावर सगळ्यात कमी डोकं चालवलं जातं. १९७०च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळानं आजच्या बांगलादेशात तीन ते पाच लाख माणसं नेली. वादळ येतंय हे हवामानवाल्यांना माहीत होतं, पण बेटांवरच्या माणसापर्यंत ते नीट पोचलंच नाही. त्यानंतर नवीन, कंगाल देशानं काय केलं तर रेड क्रेसेंटबरोबर (मुस्लिम देशांतली रेड क्रॉस) मिळून गावोगावी स्वयंसेवक तयार केले, हातात भोंगा, हातानं फिरवायचा सायरन, सायकल आणि झेंडे. धोका वाढला की एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे. आज असे ७० हजारांच्या वर स्वयंसेवक आहेत आणि त्यात निम्म्या बायका, कारण दारात अनोळखी पुरुष उभा राहून चला म्हणाला तर घरातली बाई निघत नाही, ओळखीची बाई आली तर निघते. १९९१च्या वादळात तिथं पुन्हा सव्वा लाखाच्या वर माणसं गेली, म्हणजे वीस वर्षांनीही काम अर्धवटच होतं, पण २००७च्या सिडर वादळात आकडा साडेतीन हजारांच्या आसपास आला आणि २०२०च्या अम्फानच्या वेळी वीस लाखांच्या वर लोक आधीच हलवले होते, तेव्हा मृत्यू काही डझनांत राहिले. म्हणजे चिकाटीनं पन्नास वर्षं केलेलं काम आहे हे, एका प्रोजेक्टचं नाही.

तर तुम्ही हे करा. इशाऱ्याचं वाक्य हवामान खात्याला लिहू देऊ नका, म्हणजे माहिती त्यांची, वाक्य गावचं. फिलिपिन्समध्ये २०१३ला हैयान चक्रीवादळ आलं तेव्हा सरकारनं 'स्टॉर्म सर्ज', म्हणजे वादळानं ढकललेलं समुद्राचं पाणी, येणार म्हणून सांगितलं होतं, टीव्हीवर, रेडिओवर, सगळीकडे, आणि लोकांना तो शब्दच कळला नाही. त्सुनामीसारखी लाट येतेय म्हणाले असते तर पळालो असतो असं नंतर वाचलेले लोक सांगत होते. सहा हजारांच्या वर माणसं गेली त्यात. याच्या उलट इंडोनेशियाचं सिमेउलुए बेट, तिथं १९०७च्या लाटेपासून पिढ्यान् पिढ्या एक शब्द चालत आला, 'स्मोंग', म्हणजे जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं गेला की टेकडीवर पळायचं. २००४ला भूकंपाच्या इतक्या जवळ असून पाऊण लाखाच्या वस्तीत मोजून सात माणसं गेली. सॅटेलाइट नाही, अॅप नाही, एक शब्द. म्हणून इशारा तयार झाला की तो आधी चार-पाच सामान्य लोकांना वाचून दाखवा आणि विचारा, आता तुम्ही काय करणार? त्यांनी "बघू" म्हटलं तर वाक्य फाडा आणि परत लिहा. ताशी किती किलोमीटर वारा ते सांगू नका, पाणी कुठल्या देवळापर्यंत किंवा कुठल्या पुलापर्यंत येईल आणि किती वाजेपर्यंत निघायचं ते सांगा. आणि मेसेज एकाच मार्गानं पाठवू नका, मोबाइल टॉवर सगळ्यात आधी झोपतो.

आता इशारा कळला तरी माणसं निघत का नाहीत? अडाणी आहेत म्हणून नाही, हिशोबी आहेत म्हणून. गाय सोडून गेलो आणि ती मेली तर वर्षभराचं उत्पन्न गेलं, घर उघडं टाकलं तर चोरी, निवाऱ्यात संडास एकच आणि तो पण पुरुषांच्या घोळक्यातून जायचं. यातलं एकेक कारण घेऊन त्याचा बंदोबस्त करायचा. बांगलादेशात जनावरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले, त्याला तिथं किल्लाच म्हणतात, ते निवाऱ्याजवळ असले की माणूस गाय घेऊन निघतो. रिकाम्या घरांवर पोलीस फिरणार हे आधी जाहीर करा आणि खरंच फिरवा. बायकांना वेगळी खोली, वेगळा संडास, कंदील किंवा सोलर दिवा. आणि निवारा म्हणून वेगळी इमारत बांधूच नका शक्यतो, खांबांवर उभी केलेली शाळा बांधा. रोज वापरात असलेल्या इमारतीचं कुलूप उघडतं, छत गळलं तर कुणीतरी बोंब मारतं. नुसता निवारा म्हणून बांधलेल्या इमारतीत दहा वर्षांनी कुणाचा तरी भुसा भरलेला असतो, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका त्या दिवशी परगावी गेलेला असतो. किल्ल्या तीन करा, तीन घरात ठेवा, त्यात एक बाईकडे.

वादळ वळून गेलं तर? हे होणारच आणि याची सोय बहुतेक प्लॅनमध्ये नसते. ओडिशात १९९९ला दहा हजारांच्या आसपास लोक गेले, तिथंच २०१३च्या फायलिनला दहा लाखांच्या आसपास आणि २०१९च्या फणीला बारा लाख लोक आधीच हलवले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. एवढी माणसं हलवायची म्हणजे जेवण, गाड्या, बुडालेली मजुरी, आणि वादळ आलंच नाही तर दुसऱ्या दिवशी विरोधी पक्ष विचारणार पैसे का उडवले. म्हणून वाऱ्याचा किंवा पाण्याचा आधी ठरवलेला आकडा गाठल्यावर ज्या अधिकाऱ्यानं लोक हलवले त्याला नंतर चौकशी नाही, हे लेखी द्या. नाहीतर तो शेवटच्या तासापर्यंत फोन करत राहणार, सर काय करू, सर काय करू.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण तत्त्व सोपं आहे, आधीपासून बाजूला आणि खालच्या हातात. फिलिपिन्सच्या २०१०च्या कायद्यात स्थानिक सरकारांनी उत्पन्नाच्या किमान ५ टक्के रक्कम यासाठी बाजूला काढायची, त्यातले ३० टक्के तातडीच्या मदतीला राखून ठेवायचे आणि उरलेले तयारीवर. उलट बरेच देश सगळा पैसा राजधानीत ठेवतात आणि पंचनामा होऊन फाइल वर जाऊन परत येईपर्यंत पुढचा पूर येतो. विमा पण बघा. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये मिळून एक विमा फंड काढला, त्यातून २०१०च्या भूकंपानंतर हैतीला दोन आठवड्यांत ७७.५ लाख डॉलर मिळाले. नुकसानापुढं ते काहीच नव्हतं, पण सरकारकडे पगार द्यायला पण पैसा नसतो अशा दिवसांत आलेली रक्कम होती ती. विम्याकडून घर बांधायची अपेक्षा ठेवू नका, पहिला महिना निघावा एवढीच ठेवा.

रंगीत तालीम दरवर्षी, हंगामाच्या आधी. क्युबा हे करतो, मे महिन्यात 'मेतेओरो' नावाची देशभर तालीम, जूनपासून वादळं सुरू होतात म्हणून. फक्त तालमीत सगळं सुरळीत झालं असा रिपोर्ट आला तर समजा कुणी तालीम केलीच नाही, फोटो काढले.

बाहेरच्या मदतीचा पण प्लॅन लागतो, हे विसरतात. म्यानमारला २००८च्या नर्गिस चक्रीवादळानंतर लष्करी सरकारनं परदेशी लोकांना व्हिसे द्यायला उशीर लावला आणि लाखाच्या वर माणसं गेलेल्या त्या भागात मदत रखडली. नेपाळचा प्रश्न वेगळा, २०१५ला मदत आली पण मोठ्या विमानांना उतरायला काठमांडूत एकच धावपट्टी, शेवटी ती खराब व्हायला लागली म्हणून जड विमानं बंद करावी लागली. बरं की सामान उतरवून वाटायला विमानतळाजवळ एक जागा भूकंपाच्या महिनाभर आधीच तयार करून ठेवली होती, ती कामाला आली. तर कस्टममधून काय न अडवता सोडायचं याची यादी आधी करा, आणि काय नको त्याचीही. जुने कपडे नको म्हणून स्पष्ट लिहा, डोंगर होतात त्यांचे.

भूकंपाला यातलं इशाऱ्याचं काही लागू नाही, तिथं सगळं घर कसं बांधलंय यावर आहे. २०१०च्या जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८चा, म्हणजे ऊर्जेत शेकडो पट मोठा, पण हैतीत लाखाच्या वर लोक गेले आणि चिलीत पाचशेच्या आसपास. चिलीत बांधकामाचे नियम होते आणि ते पाळले जात होते. किल्लारीला १९९३ मध्ये दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या वजनानं माणसं मारली, घरं साधीच होती. गरीब देशात बहुतेक घरं इंजिनियर बांधत नाही, गवंडी बांधतो, तेव्हा नियमाचं पुस्तक छापण्यापेक्षा गवंड्यांना शिकवा. आणि भूकंपानंतर घराचे पैसे एकदम देऊ नका, नेपाळनं तीन लाख रुपये तीन हप्त्यांत दिले, पाया तपासला की पुढचा हप्ता. लोक वैतागले, उशीर झाला, पण घरं भिंतींना बांधून धरणारे आडवे पट्टे टाकून उभी राहिली.

शेवटी एक कंटाळवाणं काम, फोन नंबरची यादी. दर सहा महिन्यांनी एका माणसानं बसून त्यातला प्रत्येक नंबर लावायचा, कारण बदल्या होतात, सिम बदलतात, बोटवाला गाव सोडून जातो. ज्याचा नंबर लागला नाही त्याच्या जागी त्याच दिवशी दुसरा शोधायचा, आणि नवी यादी छापून निवाऱ्याच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवायची, बाहेरची पावसात जाते.