मांजरांच्या घरात फेरेट आणायचा असेल तर

आमच्या घरी आधी मनी आणि सोन्या ही दोन मांजरं आली आणि चार वर्षांनी चिंगी आणि गुंड्या हे दोन फेरेट, म्हणजे मुंगसासारखे दिसणारे लहान पाळीव शिकारी प्राणी. आम्ही उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. इथे फेरेटचं कुणाला नवल नाही. बिळातले ससे बाहेर काढण्यासाठी इथले शेतकरी आणि खाणकामगार पिढ्यान् पिढ्या फेरेट पाळत आले. हरवलेले, सोडून दिलेले फेरेट आजही प्राण्यांच्या आश्रयगृहांत येत असतात. आमची जोडी तिथूनच आणली.

घरी आलेले मराठी पाहुणे पिंजऱ्यापाशी थबकतात आणि विचारतात, "मुंगूस पाळलंय का?" दिसतो खरा तसा. पण मुंगूस नात्याने मांजराच्या बाजूचं आणि फेरेट कुत्र्या-अस्वलाच्या बाजूचा. त्याच्या खऱ्या भावकीत आपल्याकडचं पाणमांजर येतं. म्हणजे मांजर आणि फेरेट दोघंही पक्के मांसाहारी, दोघंही शिकारी, पण बोली मात्र निराळी. घरातले बहुतेक तंटे त्या बोलीमुळेच होतात. ते टाळायला आमच्याकडे एक नियम आहे: उंची मांजरांची, जमीन फेरेटची. पुढचं जवळजवळ सगळं या नियमातूनच निघतं.

आणण्याआधी

आधी तुमच्या मांजराकडे नीट बघा. पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसणारं, म्हातारं किंवा आजारी मांजर असेल, तर कृपा करून फेरेट आणू नका. मांजराचं घर ते आधीपासून आहे आणि त्याचा तिथे पहिला हक्क आहे. फेरेटपेक्षा लहान पिल्लू असेल तरी थांबा, कारण फेरेटच्या नजरेत ते शिकार ठरू शकतं. तीन-चार वर्षांचं, धीट, नव्या गोष्टी हुंगून बघणारं मांजर सगळ्यात उत्तम. घरात ससा, हॅमस्टर किंवा पक्षी असेल, तर त्याची आणि फेरेटची भेट कधीच घडवायची नाही.

फेरेट एकटा आणू नका. त्याला सोबत लागते आणि मांजर ती सोबत पुरवू शकत नाही. एकटा फेरेट खेळासाठी दिवसभर मांजराच्या मागे लागतो आणि दोघंही त्रासतात.

कायदाही बघून घ्या. इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही, पण अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये, तसंच न्यू यॉर्क शहरात फेरेट पाळायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्येही तेच. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी आधीच डोक्यात ठेवावी: भारतात परतताना सामानासोबत पाळीव प्राणी म्हणून नेता येतात ते फक्त कुत्रा आणि मांजर. फेरेट पाच ते आठ वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. तेवढ्या काळात परत जायचा बेत असेल, तर आत्ताच आणू नये असं मी कळकळीने सांगते. आश्रयगृहात परत सोडलेला फेरेट बघवत नाही.

तब्येतीचं काम आधी उरका

मांजराला बघणारे सगळेच डॉक्टर फेरेट बघत नाहीत, म्हणून फेरेटची माहिती असलेला डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार फेरेटला झाला तर तो सहसा वाचत नाही. त्याची लस विचारून घ्या.

मादी असेल तर तिच्या माजाकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. फेरेटची मादी माजावर आली आणि नराशी संयोग झाला नाही, तर महिनोन् महिने माजावरच राहते. शरीरात साठलेल्या इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनमुळे हाडांतल्या मगजाचं रक्त बनवण्याचं काम मंदावतं आणि ती रक्तक्षयाने दगावू शकते. नसबंदीची शस्त्रक्रिया, हार्मोनचं इंजेक्शन किंवा कातडीखाली बसवायचं इम्प्लांट असे उपाय आहेत. शस्त्रक्रियेनंतर पुढे अॅड्रिनल या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीचा आजार होण्याची शक्यता वाढते, म्हणून कुठला उपाय करायचा ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. नराचं खच्चीकरण केल्यावर त्याचा उग्र वास बराच कमी होतो, आणि मांजरांच्या घरात त्यालाही महत्त्व आहे. वास जावा म्हणून वरचेवर आंघोळ घालू नका. त्याने कातडी जास्त तेल सोडते आणि वास वाढतो. त्यापेक्षा अंथरूण धुवा.

पिसवा आणि कानातले किडे मांजराकडून फेरेटकडे आणि फेरेटकडून मांजराकडे सहज जातात, म्हणून उपचार घरातल्या सगळ्यांवर एकदम करावा लागतो. फेरेटच्या कानातला लालसर तपकिरी मळ नेहमीचाच असतो. काळा आणि भुगाभुगा दिसला तर दाखवून घ्या. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मात्र घरात कुणालाच लावायचं नाही. त्यातल्या काहींत असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं.

घर कसं लावायचं

फेरेटला स्वतंत्र खोली किंवा निदान मोठा, मजली पिंजरा हवा. गजांमधलं अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आत एक-दोन कापडी झोळ्या टांगा. हे प्राणी दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतात आणि झोळीत एकमेकांवर पडून झोपायला त्यांना फार आवडतं. उरलेल्या वेळात मात्र रोज तीन-चार तास बाहेर सोडायला हवं. पिंजरा उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका. तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर गेलं की फेरेटला उष्माघाताची भीती असते. आपल्याला ज्यात पंखाही लागत नाही, त्या हवेत तो धापा टाकतो.

सोडण्याआधी जमिनीवर पालथं पडून खोली बघा. फेरेटचं डोकं ज्या भोकातून गेलं, त्यातून अख्खा फेरेट गेलाच म्हणून समजा. सिंकखालची पाइपची भोकं, कपाटामागची फट, सोफ्याच्या तळाचं फाटकं कापड सगळं बुजवा. मागे रेलणारी खुर्ची असेल तर ती त्या खोलीतून हलवा. तिच्या यंत्रात अडकून फेरेट मरतात.

मांजरांसाठी दाराला झडप असेल तर तीच फेरेटची पळवाट. प्राण्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचणारी झडप घेताना नीट विचारून घ्या, कारण बऱ्याच झडपा फक्त आत येताना चिप तपासतात. बाहेर जातानाही तपासणारी घ्या, आणि फेरेटलाही चिप बसवून घ्या.

मग भिंतींकडे वळा. फेरेटची नजर अधू असते, उंची-खोलीचा अंदाज नसतो आणि त्याला उंच उडी मारता येत नाही. म्हणून प्रत्येक खोलीत मांजराला एका झेपेत गाठता येईल अशी फळी, कपाट किंवा मांजरांसाठीचा चढायचा खांब हवा. मनीची वाटी, पाणी, गादी सगळं कमरेच्या वर गेलं, तेव्हापासून तिचा चेहरा सैलावला.

भेट: आधी वास, मग नजर, मग स्पर्श

पहिले दोन आठवडे दार बंद. या काळात नव्या प्राण्याचा काही आजार असेल तर कळतो आणि मांजरांना फक्त वासाची सवय होते. फेरेटच्या झोळीतलं फडकं मांजराच्या वाटीपासून थोडं लांब ठेवा, मांजराच्या गादीवरचं फडकं फेरेटकडे द्या, आणि फडकं रोज थोडं जवळ सरकवा. मांजर त्या फडक्याजवळ शांतपणे जेवू लागलं की पुढची पायरी.

इथे मी चूक केली. चौथ्याच दिवशी दार उघडलं. गुंड्या आडवा आडवा उड्या मारत धावला आणि त्याने मनीची शेपटी दातात धरली. मनी कपाटावर चढली ती दीड दिवस उतरली नाही, घासभरही खाल्लं नाही. मांजराने एक-दोन दिवस अन्न सोडलं तर यकृतावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे तो दीड दिवस माझ्या पोटात गोळा होता. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसरी पायरी पिंजऱ्याच्या जाळीतून. फेरेट आत, मांजर बाहेर, आणि मांजराला कधीही निघून जाता यावं म्हणून खोलीचं दार उघडं. मांजराला उचलून पिंजऱ्यापाशी नेऊ नका. आमची मनी सतराव्या दिवशी आपण होऊन आली. पोट जमिनीला घासत, कान अर्धे मागे, एकेक पाऊल मोजत. जाळीपाशी पोचल्यावर चिंगीने आतून नाक लावलं, मनीने बाहेरून. तीन-चार श्वास दोघी तशाच. मग मनीने तोंड फिरवलं आणि तिथेच बसून पंजा चाटायला घेतला. ज्याची खूप भीती वाटते त्याच्यासमोर मांजर सहसा अंग चाटत बसत नाही. मी त्या क्षणाची वाट बघत होते.

तिसरी पायरी मोकळ्या खोलीत. आदल्या दिवशी मांजराची नखं कापा. फेरेटला आधी अर्धा तास दमवा, मग हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून दोरी हातात धरा. पहिली भेट दहा मिनिटांची पुरे. सगळं छान चाललेलं असतानाच संपवा. एका वेळी एकच फेरेट आणि एकच मांजर. असं दोन-तीन आठवडे, आणि मग दोरी सोडा.

खेळ आणि भांडण ओळखा

आनंदाने वेडा झालेला फेरेट पाठीची कमान करतो, तोंड उघडं ठेवून बाजूला उड्या मारतो, डोकं हलवतो, घशातून "डूक-डूक" असा आवाज काढतो. शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुलते. त्याच्या लेखी हे "ये, खेळूया" असतं. मांजराच्या बोलीत कमान आणि फुललेली शेपटी म्हणजे "जवळ आलास तर फाडीन". एकच खूण, अर्थ उलटे.

फेरेट एकमेकांची मान दातात धरून ओढतात, कारण त्यांची कातडी जाड असते. मांजराला ते दुखतं. फेरेटने मान धरली की ताबडतोब सोडवा, त्याला पाच मिनिटं पिंजऱ्यात ठेवा आणि मग पुन्हा सोडा. न चुकता असंच करत राहिलं तर तो शिकतो. दुसऱ्या बाजूने, मांजराने नखं आत ठेवून थप्पड मारली तर मध्ये पडू नका. ती शिकवण आहे. कान सपाट, घशातून लांब गुरगुर आणि डोळे रोखलेले दिसले तर दोघांमध्ये उशी घाला. हात घालू नका. रक्त आलं तर छोटी जखमही डॉक्टरांना दाखवा, मांजराच्या दाताने झालेली जखम आतून पिकते.

खाणं, लिटर, खेळणी

फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पार होतं, म्हणून त्याच्यासमोर खाणं सतत हवं. मांस आणि मांसावर आधारलेलं फेरेटचंच खाणं द्या. फळं, दूध, बेदाणे, पोळी नको. मांजराच्या पिल्लांचं खाणं अडीअडचणीला चालतं. फेरेटचं खाणं मांजरांनी संपवलं तर मांजरं सुटतात, म्हणून ते पिंजऱ्यात ठेवा. फेरेट सोफ्यामागे मांस साठवतात. दर दोन दिवसांनी ते शोधून काढा.

ओलं झालं की गोळा होणारं मांजराचं लिटर, म्हणजे शौचाच्या ट्रेमध्ये पसरायची वाळू, बंद करा. फेरेट त्यात नाक खुपसतो आणि ती भुकटी श्वासात जाते. कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या दोघांनाही चालतात. फेरेट पाठमोरा कोपऱ्यात जाऊन उरकतो, म्हणून त्याची ट्रे कोपऱ्यात. मांजराची ट्रे वेगळी आणि फेरेट पोचणार नाही अशी.

मांजराची रबरी, फोमची खेळणी उचलून ठेवा. लहान वयाचे फेरेट रबर चावून गिळतात आणि आतडं बंद होतं. खाणं सोडणं, दात खाणं, पंजाने तोंड घासणं, लाळ गळणं यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका.

तुम्हाला फ्लू झाला तर फेरेटचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. 1933 मध्ये लंडनला माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा करता आला तो फेरेटमुळेच, कारण आपला फ्लू त्यांना सरळ होतो.

आता तीन वर्षं झाली. थंडीत सोन्या आणि चिंगी एकाच गादीवर झोपतात. मनी अजून फळीवरूनच बघते, आणि आम्ही तिला तसंच राहू देतो. आम्ही जागे असतो तेव्हाच चौघं एकत्र असतात. झोपायच्या आधी दोन्ही फेरेट पिंजऱ्यात आहेत का ते मोजते. वॉशिंग मशीन लावण्याआधी त्यात हात घालून कपडे चाचपते, कारण ऊबदार कपड्यांच्या ढिगात शिरून झोपायची गुंड्याची सवय गेलेली नाही.