ईमेलचे फोल्डर दिसेनासे झाले? आधी या चुका टाळा

थंडरबर्ड या संगणकावरच्या ईमेल प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली, प्रोग्राम उघडला आणि डावीकडची फोल्डरची यादी कोरी. नवीन खातं जोडायला सांगणारी चौकट तेवढी समोर. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या वर्कशॉपमध्ये असं झालं की सगळ्यात आधी आठवतात ड्रॉइंग आणि पर्चेस ऑर्डर. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदाराला आठवतात रेसिड्यू रिपोर्ट (फळावरच्या कीटकनाशकाच्या अंशांचा अहवाल) आणि परदेशी खरेदीदाराशी ठरलेला दर. वर्षानुवर्षांचा व्यवहार त्या फोल्डरांत असतो, जीव वरखाली होणारच. पण अशा वेळी मेल बहुतेकदा गेलेले नसतात. ते डिस्कवर होते तिथेच असतात, नवी आवृत्ती दुसऱ्या जागी बघत असते. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या तासाभरात, घाईत केलेल्या उपायांनी.

खातं काढून पुन्हा जोडणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मोबाइलवर हा उपाय चालतो, म्हणून कोणीतरी फोनवरून तोच सांगतो. मोबाइलवर तो चालतो कारण तिथलं खातं बहुतेकदा आयमॅप पद्धतीचं असतं आणि मूळ मेल सर्व्हरवर असतात. आपल्याकडच्या कितीतरी लहान ऑफिसांत कंपनीच्या नावाचा मेल पीओपी पद्धतीने घेतला जातो, कारण होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, जागा कमी असते. पीओपीमध्ये मेल संगणकावर उतरतो आणि सर्व्हरवरून लगेच किंवा ठरावीक दिवसांनी पुसला जातो. म्हणजे मागच्या वर्षीच्या मेलची एकमेव प्रत तुमच्या टेबलावरच्या संगणकात असते. थंडरबर्डमध्ये खातं काढताना मेलचा डेटाही काढायचा का, असा पर्याय येतो. त्यावर खूण केली की ती एकमेव प्रतही गेली.

म्हणून पहिलं काम एकच. प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि आहे त्या स्थितीत सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, पर्सेंटच्या दोन चिन्हांमध्ये इंग्रजीत अ‍ॅपडेटा लिहून एंटर करा. रोमिंग नावाचा फोल्डर उघडेल, त्यातला थंडरबर्ड हा फोल्डर अख्खाच्या अख्खा उचला. अ‍ॅपडेटा एरवी लपलेला असतो, त्यामुळे सी ड्राइव्हवर नुसतं चाळून तो सापडत नाही आणि 'इथे तर काहीच नाही' असा गैरसमज होतो. प्रोग्राम चालू असताना प्रत घेऊ नका. खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघून घ्या. एक गोष्ट फार जण विसरतात. कोणी पूर्वी मेलची जागा डी ड्राइव्हवर हलवलेली असेल, तर या प्रतीत मेल येणारच नाहीत. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये तळाशी 'लोकल डिरेक्टरी' असा पत्ता असतो. तो दिसत असेल तर वाचा आणि तिथलाही फोल्डर उचला.

नव्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये काम सुरू करणं

यादी कोरी दिसण्याचं सगळ्यात सामान्य कारण इथे आहे. थंडरबर्ड तुमची खाती, मेल, पत्ते आणि फिल्टर प्रोफाइल नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. 2019 साली आलेल्या 68 या आवृत्तीपासून प्रोग्राम ज्या जागी बसवला आहे त्या जागेशी प्रोफाइलची जोडी लावली जाते. 32 बिटचा प्रोग्राम काढून 64 बिटचा बसवला की तो प्रोग्राम फाइल्सच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातो. थंडरबर्डच्या दृष्टीने ही नवी स्थापना, म्हणून तो नवी कोरी प्रोफाइल उघडतो. जुनी तशीच शेजारी पडून असते. दोन आवृत्त्या एकमेकांत मिसळू नयेत हा त्यामागचा हेतू चांगला आहे, पण 'तुमची जुनी प्रोफाइल इथे आहे' एवढं एक वाक्य पडद्यावर यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. कितीतरी लोकांची झोप त्याने वाचली असती.

थंडरबर्डच्या फोल्डरमधल्या प्रोफाइल्स या फोल्डरमध्ये जा. आठ अक्षरांच्या अगम्य नावांचे दोन-तीन फोल्डर दिसतील. कुणाच्या शेवटी 'डिफॉल्ट', कुणाच्या शेवटी 'डिफॉल्ट-रिलीज'. नावावरून ठरवू नका, आकार बघा. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली की जी कित्येक जीबीची असेल ती जवळपास नक्कीच तुमची. मग थंडरबर्डच्या हेल्प मेन्यूतून ट्रबलशूटिंगची माहिती उघडा आणि प्रोफाइल्सच्या ओळीतल्या दुव्यावर जा. तिथे जुन्या प्रोफाइलखाली ती डिफॉल्ट करण्याचं बटण आहे. ते दाबून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

जुनी प्रोफाइल त्या यादीत नसेल, म्हणजे ती जुन्या संगणकाच्या डिस्कवरून आणली असेल, तर विंडोज आणि आर दाबून थंडरबर्ड डॉट ईएक्सई, मग जागा सोडून डॅश आणि कॅपिटल पी असं इंग्रजीत लिहा. प्रोफाइल मॅनेजर उघडतो. नवी प्रोफाइल तयार करा आणि 'चूज फोल्डर'मधून तुमचा जुना फोल्डर दाखवा. याच खिडकीत नको असलेली प्रोफाइल काढायला जाल तेव्हा दोन बटणं येतात, फाइल्स पुसा आणि फाइल्स पुसू नका. कायम दुसरं बटण. पहिलं दाबलं तर तो फोल्डर रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

तोवर नव्या प्रोफाइलमध्ये मेल घेत राहू नका. पीओपी खातं तिथे जोडलं की नवे मेल तिकडे उतरतात, जुने इकडे राहतात आणि नंतर दोन ढीग एकत्र करत बसावं लागतं.

'जुनीच आवृत्ती परत टाकतो'

नवी पटली नाही म्हणून जुनी टाकली की थंडरबर्ड सांगतो, ही प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलेली आहे, नवी प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा. हे कुलूप मुद्दाम घातलेलं आहे, कारण नवी आवृत्ती काही फाइल्सची रचना बदलते आणि जुनीला ती वाचता येईलच असं नाही. 2025 पासून दर महिन्याच्या आवृत्त्या सर्वांसाठी आल्यापासून हा प्रकार वाढीला लागू शकतो: कोणी मासिक आवृत्तीवरून दीर्घकाळ चालणाऱ्या ईएसआर आवृत्तीवर गेला, तर ईएसआरचा क्रमांक लहान असतो आणि ती जुनी ठरते. तिथे 'बाहेर पडा' निवडा आणि नवी आवृत्ती परत बसवा. फोल्डर परत दिसतात.

कधी प्रोफाइल योग्य असते आणि तरी फोल्डर दिसत नाहीत. 2023 च्या 115 आवृत्तीने डावीकडचा भाग पुन्हा रचला. फोल्डरच्या यादीवरच्या तीन टिंबांत 'सर्व फोल्डर'वर खूण आहे ना ते पाहा. नुसतं 'न वाचलेले' किंवा 'आवडते' निवडलेलं असेल तर बाकीचे लपतात. आयमॅप खात्यात फोल्डरला सबस्क्राइब करावं लागतं, म्हणजे तो यादीत दाखवायला निवडावा लागतो, खात्यावर राइट क्लिक करून ते करता येतं. जीमेलचं एखादं लेबल (तिथलं फोल्डर) येत नसेल तर ब्राउझरमध्ये जीमेलच्या लेबल सेटिंगमध्ये 'आयमॅपमध्ये दाखवा'वर खूण करा.

फाइल्स ओळखीच्या वाटत नाहीत म्हणून पुसणं

प्रोफाइलमधल्या मेल फोल्डरात दोन-दोन फाइल्सच्या जोड्या दिसतात. 'इनबॉक्स' नावाची, पुढे काहीच एक्स्टेंशन नसलेली मोठी फाइल, आणि त्याच नावाची एमएसएफची छोटी फाइल. मोठीत प्रत्यक्ष मेल असतात, छोटी फक्त अनुक्रमणिका. फोल्डर दिसतो पण आत रिकामा, तेव्हा त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून 'रिपेअर फोल्डर' दाबा. अनुक्रमणिका नव्याने बनते. प्रोग्राम बंद ठेवून एमएसएफ पुसली तरी चालते. एक्स्टेंशन नसलेल्या फाइलला मात्र हात लावायचा नाही, कितीही निरुपयोगी वाटली तरी. एसबीडीने संपणारे फोल्डर म्हणजे तुमचे उपफोल्डर. आणि 'द्राक्ष निर्यात' असं मराठी नाव दिलं असेल, तर आयमॅप खात्यात त्याची फाइल 'अँड'च्या चिन्हाने सुरू होणाऱ्या अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसू शकते. ती कचरा नाही, तुमचंच फोल्डर आहे.

'कॉम्पॅक्ट' हा फाइल आवळून जागा वाचवण्याचा पर्यायही सध्या बाजूला ठेवा. चुकून पुसलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या मोठ्या फाइलमध्येच असतो आणि काढता येण्याची शक्यता असते. कॉम्पॅक्टनंतर ती संपते. थंडरबर्ड जागा वाचवायला स्वतःहून विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

आउटलुकवाल्यांसाठी थोडक्यात. नव्या आउटलुकवर गेल्यावर फोल्डर दिसत नसतील तर वरच्या कोपऱ्यातलं बटण फिरवून क्लासिक, म्हणजे जुन्या आउटलुकवर परत या. मेल साठवणारी पीएसटी फाइल जागेवरच असते, सहसा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्समध्ये. ओएसटी ही सर्व्हरची स्थानिक प्रत असते, नव्या प्रोफाइलला ती जोडता येत नाही, तेव्हा तीच जपून ठेवली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. पीएसटी उघडत नसेल तर आधी तिची प्रत घ्या, मग आउटलुकसोबत येणारं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवा.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यावर बऱ्याच ऑफिसांनी संगणक बदलले आहेत. जुना संगणक नाशिकच्या एमजी रोडवर विकायला किंवा फॉरमॅटला देण्याआधी नव्यावर एवढं तपासा: सगळ्यात जुना फोल्डर उघडून त्यातली एखादी अटॅचमेंट उघडते का, सेंटमध्ये मागच्या वर्षीचे मेल आहेत का, पत्त्यांची यादी आली का, फिल्टर चालतात का. एक मेल स्वतःलाच पाठवा आणि त्याची प्रत कुठल्या सेंट फोल्डरमध्ये जाते ते पाहा. खातं नव्याने जोडलं असेल तर ती भलत्याच ठिकाणी जाण्याची शक्यता असते. हे सगळं जुळल्यावरही जुनी डिस्क मार्चअखेरपर्यंत कपाटात राहू द्या. सीएकडून जुन्या बिलाची विचारणा तेव्हाच येते.