आयेल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये ‘समाज’ आला की…

आयेल्ट्स म्हणजे बाहेर शिकायला जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा, आणि स्पीकिंग हा तिचा तोंडी भाग. मराठी माध्यमातून आलेली मुलं या स्पीकिंगला घराबद्दल, कॉलेजबद्दल, आवडीनिवडींबद्दल बऱ्यापैकी बोलतात. गाडी अडते ती स्पीकिंगच्या तीनपैकी तिसऱ्या भागात. दुसऱ्या भागात तयारीला निदान एक मिनिट आणि कागद-पेन्सिल मिळते, इथे तेही नाही. चार-पाच मिनिटं सलग प्रश्न, आणि तेही ‘तुझा आवडता सण कोणता’ असले नाहीत. सणांचं रूप का बदललं, तरुणांना परंपरा जाचक का वाटतात, शहरात शेजारधर्म उरलाय का, असे. ही परीक्षा देऊन मी बाहेर शिकून आले आणि आता ओळखीतल्या मुलांचा सराव घेते. त्यात बहुतेकांची तक्रार एकच असते: मुद्दे डोक्यात आहेत, शब्द नाहीत.

मग मुलं ‘संस्कृतीवरचे शंभर शब्द’ छापाची पीडीएफ पाठ करतात. याचा फायदा जवळजवळ शून्य. स्पीकिंगचे पाव गुण ‘लेक्झिकल रिसोर्स’ला, म्हणजे शब्दसंपत्तीला, असतात हे खरं, पण तिथे शब्दाच्या वजनापेक्षा तो योग्य जागी आणि योग्य सोबतीने आला का, हे जास्त बघतात. पाठ केलेलं वाक्य परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

त्यापेक्षा आपल्याला आतून-बाहेरून माहीत असलेली एकच गोष्ट घ्या आणि ती कधीच न पाहिलेल्या माणसाला सांगायला जे जे लागेल ते गोळा करा. समजा वारी. देहू-आळंदीहून पंढरपूर, साधारण अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे चालत. इथेच ‘गो ऑन अ पिल्ग्रिमेज’ आणि ‘ऑन फूट’ हाती लागतात. पालखीसाठी ‘पॅलन्क्विन’ शब्द आहे, पण तो आठवत बसू नका; संतांच्या पादुका घेऊन जातात एवढं साध्या इंग्रजीत सांगितलं तरी चित्र उभं राहतं. ‘दिंडी’ तर दिंडीच म्हणा आणि लगेच ‘अ ग्रुप दॅट वॉक्स अँड सिंग्ज टुगेदर’ जोडा. वाटेवरची गावं जेवू घालतात, तिथे ‘हॉस्पिटॅलिटी’. एवढं झालं की एक पायरी वर चढा. माणसं का जातात? ‘अ सेन्स ऑफ बिलाँगिंग’. घराण्यात वारी चालत आलीय? ‘पास्ड डाउन फ्रॉम वन जनरेशन टू द नेक्स्ट’. वारीत जातीपाती खरंच गळून पडतात का? ‘टू सम एक्स्टेंट’ म्हणा आणि तुम्हाला खरं जे वाटतं ते बोला. तिसऱ्या भागात हेच हवं असतं. हाच शब्दसंच पुढे लग्नाला, गणेशोत्सवाला, गावच्या जत्रेलाही पुरतो.

काही शब्द इथे धावतात आणि बाहेर अडखळतात. ‘रिझर्व्हेशन’ म्हटलं की परक्या माणसाला हॉटेलातलं टेबल आठवतं. म्हणून सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणातल्या राखीव जागा, असं एकदा उलगडून सांगा, किंवा ‘कोटा’ म्हणा. लग्नाला ‘फंक्शन’ नको, ‘सेरेमनी’ म्हणा. ‘कझिन ब्रदर’मधला ब्रदर गाळा. ‘बॅकवर्ड’ आपल्याकडे सरकारी कागदावरचा शब्द आहे, पण माणसांना तसं म्हटलं तर कानाला अपमान वाटतो. ‘कास्ट’ मात्र बेधडक वापरा, तो जगभर कळतो. (मूळ पोर्तुगीज ‘कास्टा’, म्हणजे हा शब्द आपल्या किनाऱ्यावर फार आधी उतरलेला पाहुणा.)

आणि ‘सोसायटी’! आपल्याला सोसायटी म्हटलं की पार्किंग, मेंटेनन्स आणि सेक्रेटरी दिसतात. एकंदर समाजाबद्दल बोलताना त्याच्या आधी ‘द’ येत नाही, ‘इन सोसायटी’ एवढंच. ही चूक मी जवळपास प्रत्येकाच्या तोंडून ऐकते आणि ती एका दिवसात सुटते.

सगळ्यात जास्त मेहनत मी करून घेते ती सरसकट विधानांवर. ‘इंडियन्स आर व्हेरी रिलिजस’ म्हणून मुलं थांबतात. पुढे बोलायला काही उरतच नाही. त्याऐवजी ‘इन मेनी फॅमिलीज’, ‘ओल्डर पीपल टेंड टू’, ‘अॅट लीस्ट इन स्मॉल टाउन्स’ असं सुरू केलं की ‘बट’ आपोआप येतं आणि त्यापाठोपाठ दुसरी बाजूही. माझी आजी उपास ‘ऑब्झर्व्ह’ करते, मी करत नाही, तरी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोघींना लागते. हे इंग्रजीत सांगता आलं तर पिढ्यांमधल्या फरकावर दीड मिनिट सहज निघतं.

वाचनासाठी वेगळं पुस्तक घेऊ नका. एकाच घटनेवरचा अग्रलेख आधी मराठी दैनिकात वाचा, मग इंग्रजीत. विषय कळलेला असल्यामुळे नजर शब्दांच्या जोड्यांवर जाते. आवडलेली जोडी वहीत लिहिताना सोबत आपल्या गावाबद्दलचं एक वाक्य लिहायचंच.

तिसऱ्या भागात प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी, डू यू मीन…’ म्हणून विचारायला हरकत नाही, परीक्षक तो वेगळ्या शब्दांत सांगू शकतात. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.