पक्षिप्रेमींचा ग्रूप चालवताय? मग या चुका टाळा

पक्षीनिरीक्षणाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप काढायला दोन मिनिटं पुरतात. हिवाळ्यात गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर पाहुणी बदकं उतरली की हौस उफाळून येते, कुणीतरी ग्रूप काढतो, भराभर माणसं जोडतो. पुढच्या चतुर्थीपर्यंत तिथे सामसूम. का, म्हणून विचारलं तर अ‍ॅडमिनची एकच रड: "लोक विषय सोडून बोलतात हो!" लोक बोलणारच. बहुतेक वेळा घोळ अ‍ॅडमिनच घालतो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे भांडण झालं की ग्रूपला कुलूप लावायचं. 'फक्त अ‍ॅडमिननीच लिहावं' ही सोय सूचनांच्या ग्रूपसाठी आहे. नव्या अ‍ॅडमिनला मात्र ती रामबाण वाटते. एक बटण दाबलं की शांतता.

आमच्या एका ग्रूपवर काय झालं ते सांगतो. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली, ट्रॉलर दर्यात गेले, आणि घरोघरी नेमका श्रावण. त्यात एकाने सुंगटांच्या हुमणाचं, म्हणजे कोळंबीच्या कालवणाचं, ताट ग्रूपवर टाकलं. "श्रावण पाळत नाही वाटतं?" असं दुसऱ्याने विचारलं. तिथून गाडी सोवळं-ओवळं, मग कुणाच्या घरात काय शिजतं, मग थेट एकमेकांच्या वाडवडिलांवर. अ‍ॅडमिन नवा आणि तापट. रात्री त्याने कुलूप घातलं आणि "चार दिवस थंड व्हा" असं लिहून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडण्याकडच्या किनाऱ्यावर ग्रूपमधल्या एका मुलीला भलामोठा पांढरा पक्षी वाळूत बसलेला दिसला. उडेना, हलेना, भोवती कुत्री. तिने फोटो काढला, पण टाकणार कुठे? अ‍ॅडमिनला वेगळा मेसेज केला, तर तो कामावर आणि फोन बॅगेत. तोवर गर्दी जमली. "दर्यातला पक्षी, दर्यातच सोडूया" म्हणत लोकांनी त्याला लाटांत ढकलला. लाटेने परत आणून टाकला, तर पुन्हा ढकलला. संध्याकाळी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून तिने फोटो धाडला: "दादा, हा कुठला? मेला तो."

मास्क्ड बूबी होता. हे पक्षी खोल समुद्रातले. पावसाळी वादळवारा त्यांना पश्चिम किनाऱ्यावर आणून आपटतो. अंगात त्राण उरलेलं नसतं म्हणूनच ते वाळूवर बसतात. पाण्यात लोटणं म्हणजे बुडवणंच. चोचीपासून स्वतःला जपून त्याच्या अंगावर कोरडा टॉवेल टाकायचा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून खोकं अंधाऱ्या, शांत जागी न्यायचं, तोंडात पाणी किंवा मासा कोंबायचा नाही आणि वनखात्याला फोन लावायचा. ग्रूप उघडा असता तर हे सांगायला निदान पाचजण धावले असते. ज्यांचं भांडण होतं, ते तोवर विसरलेही होते.

मी कुलूप लावत नाही. जो जास्त तापलाय त्याला फोन लावतो. मेसेज नाही, फोनच. बोलताना माणूस निवळतो, लिहिताना धार लावतो.

दुसरी चूक चारचौघांत झापण्याची. सत्तरी तालुक्यातले एक निवृत्त मास्तर रोज पहाटे फुलांचा फोटो आणि सुविचार टाकतात, आणि पाठोपाठ त्यांच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) त्या दिवशी दिसलेल्या पक्ष्यांची यादी. अशी रोजची नोंद सोन्यासारखी. एका हुशार अ‍ॅडमिनने सुविचाराखाली लाल खूण करून "कृपया नियम वाचा" लिहिलं. मास्तर ग्रूप सोडून गेले नाहीत. गप्प बसले, आणि याद्या थांबल्या. त्यांना एवढंच सांगायचं होतं: "मास्तर, सुविचार तिकडे गजालींच्या ग्रूपवर टाका, इथे तुमची यादी आधी येऊ दे." असा गप्पांचा ग्रूप पहिल्या दिवसापासून बाजूला हवाच. मासे, मॅच, तियात्र, नाटक, सगळं तिथे.

नियमही जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखे लिहू नका. तीन ओळी पुरेत.

प्रत्येक आडवळणाला विषयांतर समजणं हेही तितकंच चुकीचं. म्हादई व्याघ्र प्रकल्पावर बोललं की काही अ‍ॅडमिन "राजकारण नको" म्हणून मेसेज पुसतात. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये सरकारला तो अधिसूचित करायला सांगितलं होतं. रान राहिलं तर पक्षी, मग हा विषय आपला नाही तर कुणाचा? राजकीय पक्षांच्या नावाने शिमगा सुरू झाला की मात्र थांबवा. पक्ष्याच्या नावावरून मराठी-कोकणी वाद पेटला आणि गाडी १९८७ च्या राजभाषा कायद्यापाशी पोचली, तरीही थांबवा. तो वाद आपल्या ग्रूपवर मिटणारा नाही.

"कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला धरतील" या धास्तीने ग्रूप आवळू नका. केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टची फौजदारी जबाबदारी येत नाही, त्यात दोघांचा समान हेतू असावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं आहे. तरी घाण दिसली की पुसावी, ती सवय चांगली.

एकटे अ‍ॅडमिन राहू नका. एक पहाटे उठणारा हवा, एक रात्री जागणारा.

एकाच बाबतीत मी दयामाया ठेवत नाही: घरट्याचं लोकेशन. आधी पुसतो, मग समजावतो. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तिला आणि पिल्लांना बाहेरून नर भरवतो. खाली कॅमेऱ्यांची जत्रा जमली की नर जवळ येत नाही आणि आतले उपाशी राहतात. ज्यांना पहिल्याच दिवशी "लोकेशन प्लीज" लागतं, त्यांना मी चोडणला धाडतो. रायबंदरहून फेरीबोट आहे, धक्क्याजवळच सलीम अली अभयारण्य आहे. तिथे तासभर गप्प बसून दाखवा म्हणावं, मग पुढचं बोलू.