या चुका टाळा : ‘हिस्टॉरिक’ कुठे, ‘हिस्टॉरिकल’ कुठे?

सदाशिव पेठेतल्या एका मिसळवाल्या काकांनी नव्या मेनूकार्डाचं इंग्रजी तपासायला दिलं. वरच ठसठशीत अक्षरांत ‘अवर हिस्टॉरिकल मिसळ’. म्हटलं, “काका, मिसळ इतिहासजमा झाली असं वाटतंय.” काका शांतपणे म्हणाले, “पण चव ऐतिहासिकच आहे ना?”

गोची नेमकी इथे आहे. आपण ‘ऐतिहासिक’ या एका शब्दावर दोन्ही कामं भागवतो, इंग्रजीत ती वाटून दिलेली आहेत. ज्याने पुढचं चित्र पालटलं ते हिस्टॉरिक. नुसतं गतकाळातलं किंवा इतिहास या विषयाचं असेल ते हिस्टॉरिकल.

1848 साली फुले दांपत्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ते पाऊल हिस्टॉरिक. येरवडा तुरुंगात 1932 साली झालेला पुणे करारही हिस्टॉरिक. पण पेशवे दफ्तरातला जुना जमाखर्चाचा कागद? त्याने काही उलथापालथ केली नाही, तो त्या काळाबद्दल सांगतो एवढंच. म्हणून हिस्टॉरिकल. भारत इतिहास संशोधक मंडळात 1910 पासून चालतं तेही हिस्टॉरिकल रिसर्च. ‘हिस्टॉरिक रिसर्च’ लिहिलंत, तर तिथला प्रत्येक निबंध युगप्रवर्तक ठरेल! कादंबरी मात्र कितीही गाजो, शिवकाळावरची असेल तर हिस्टॉरिकलच.

परदेशी प्रवेशासाठी मुलं निबंध आणतात, त्यांत ‘पुणे इज अ हिस्टॉरिकल सिटी’ हे वाक्य हमखास असतं. तिथे हिस्टॉरिक करा. इमारतींच्या बाबतीत खुद्द इंग्रजही दोन्ही वापरतात, त्यामुळे शनिवारवाड्यावरून वाद घालू नका.

आधी ‘अ’ की ‘अ‍ॅन’? ‘ह’ स्पष्ट उच्चारता ना, मग ‘अ’. ‘अ‍ॅन हिस्टॉरिक’ जुन्या ब्रिटिश वळणाचं आहे. चूक नाही, पण आपल्या तोंडी जरा सोवळं नेसल्यासारखं वाटतं.

‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ त्या मानाने सोपं, कारण तिथे मराठीच मदतीला येते : पहिलं आर्थिक, दुसरं काटकसरी. सरकारचं धोरण इकॉनॉमिक, आणि चहाच्या एका कपात दोघांना भागवणारे आपण इकॉनॉमिकल.

काकांनी शेवटी वैतागून दोन्ही शब्द खोडले आणि ‘ओल्ड मिसळ’ लिहिलं. तेही छापण्याआधी अडवावं लागलं.